पाच नंबरची जागा

हाविएर मास्चेरानो बार्सिलोनाकडून साडेसात वर्षं खेळला. या काळात तो ३३४ सामन्यांत मैदानात उतरला आणि त्याच्या नावावर गोल लागला तो एकच. तोही एप्रिल २०१७ मध्ये, ओसासुनाविरुद्धच्या ७-१ अशा एकतर्फी सामन्यात, पेनल्टीवर. अर्जेंटिनाकडून तो १४७ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. तिथे गोल तीन. फुटबॉलपटूचं मोठेपण ज्या आकड्यांनी मोजायची आपल्याला सवय आहे, त्या आकड्यांच्या रकान्यात या माणसापुढे जवळजवळ काहीच नाही. दुसरा रकाना पाहिला की चित्र पालटतं: दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, बार्सिलोनाबरोबर दोन चॅम्पियन्स लीग विजेतेपदं, चार विश्वचषक स्पर्धा आणि काही काळ देशाचं कर्णधारपद. त्याहून लक्षवेधी गोष्ट अशी की, कारकिर्दीच्या भरातली सात-आठ वर्षं तो क्लबकडून प्रामुख्याने बचावफळीच्या मधोमध खेळत होता आणि देशाकडून मधल्या फळीत. एकच माणूस एका आठवड्यात सेंटर बॅक आणि पुढच्या आठवड्यात मध्यरक्षक, आणि दोन्हीकडे जगातल्या उत्तम संघांत. याला अष्टपैलूपणा म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या शब्दाने काहीच उलगडत नाही. या प्रकरणात मांडायचं आहे ते असं: बचावपटू आणि बचावात्मक मध्यरक्षक या दोघांचं काम मुळात एकच आहे, धोका उभा राहण्याआधी तो ओळखणं. हे ओळखणं ज्याला जमतं त्याला मैदानावरची जागा बदलली तरी नव्याने खेळ शिकावा लागत नाही, आणि अशा खेळाडूची किंमत करायची तर न झालेल्या गोष्टींचा हिशेब मांडायला आपण शिकलं पाहिजे.

या दोन कामांचं मूळ एक आहे याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कितीतरी दशकं बहुतेक संघ २-३-५ अशा रचनेत खेळत: मागे दोन बचावपटू, मध्ये तिघे आणि पुढे पाच आघाडीवीर. मधल्या तिघांतला मधला खेळाडू म्हणजे सेंटर हाफ. संघाचा खेळ त्याच्याभोवती फिरायचा. प्रतिस्पर्ध्याची चाल मोडायची तीही त्यानेच आणि आपली चाल सुरू करायची तीही त्यानेच. पुढे सदऱ्यांवर क्रमांक आले तेव्हा त्याच्या वाट्याला पाच नंबर आला. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढे दिला जाताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे निदान तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे झाले. साहजिकच गोलांचा पाऊस सुरू झाला. त्यावर उपाय म्हणून हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने सेंटर हाफला मधून काढून दोन बचावपटूंच्या मध्ये नेऊन उभं केलं आणि हळूहळू सगळ्या इंग्लंडने तोच कित्ता गिरवला. त्यामुळे इंग्लंडमध्ये पाच नंबर म्हणजे उंच, धिप्पाड सेंटर बॅक असं समीकरण बनलं. ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये मात्र पाच नंबर मधल्या फळीतच राहिला. १९५० च्या विश्वचषकात माराकाना मैदानावर ब्राझीलला हरवणाऱ्या उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला हा याच परंपरेतला. म्हणजे एकाच जागेच्या दोन फांद्या झाल्या: एका खंडात तिचा बचावपटू बनला, दुसऱ्यात ती मध्यरक्षकाकडेच राहिली. त्या दोघांमधली भिंत खेळाच्या स्वभावातून उगवलेली नाही, एका नियमबदलाच्या निमित्ताने ती उभी राहिली. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बॉबी चार्ल्टनला बांधून ठेवणारा मध्यरक्षक फ्रान्झ बेकेनबाउअर १९७४ मध्ये बचावफळीतून पश्चिम जर्मनीला जगज्जेता करतो, तेव्हा या भिंतीत दरवाजा आहे हे स्पष्ट दिसतं.

मास्चेरानो हा अर्जेंटिनाच्या फांदीवरचा. जन्म ८ जून १९८४ चा, सांता फे प्रांतातल्या पाराना नदीकाठच्या सान लोरेन्सो गावातला. रिव्हर प्लेटच्या युवा संघात तो घडला. त्याच्या कारकिर्दीची सुरुवातच उलट्या क्रमाने झाली: जुलै २००३ मध्ये तो उरुग्वेविरुद्ध अर्जेंटिनाच्या मुख्य राष्ट्रीय संघाकडून खेळला आणि रिव्हर प्लेटच्या मुख्य संघाकडून त्याचं पदार्पण त्यानंतर झालं. त्याला संधी देणारे प्रशिक्षक होते मार्सेलो बिएल्सा, म्हणजे ज्यांच्या संघात एकालाही उभं राहून बघायची मुभा नसे असे गृहस्थ. एकोणीस वर्षांच्या, क्लबकडून अजून पहिला सामनाही न खेळलेल्या मुलात त्यांना काय दिसलं असेल, याचं उत्तर पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये मिळालं. अर्जेंटिनाने सहाच्या सहा सामने जिंकले, सतरा गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. हल्ला चढवण्याच्या बाबतीत इतका धाडसी संघ मागून एवढा कोरडा कसा राहिला? कारण सगळे पुढे धावत असताना मागे कोणती दारं उघडी पडली आहेत हे कुणीतरी सतत पाहत होतं. पाच नंबरच्या खेळाडूचं रोजचं काम हेच. बाजूचा बचावपटू पुढे गेला की त्याची जागा राखायची, प्रतिस्पर्ध्याच्या सूत्रधाराकडे जाणारा पास वाटेतच तोडायचा, आणि आपल्या संघाचा चेंडू हरवला की पुढच्या दोन-तीन सेकंदांत प्रतिहल्ल्याची पहिली पावलं रोखायची. २००८ मध्ये बीजिंगला अर्जेंटिनाने पुन्हा सुवर्ण जिंकलं आणि दोन्ही संघांत मास्चेरानो होता.

दरम्यान युरोपमधली त्याची सुरुवात मात्र अडखळत झाली, आणि आपला मुद्दा तपासायला हा काळ फार उपयोगी आहे. ब्राझीलच्या कोरिंथियान्सकडून तो ऑगस्ट २००६ मध्ये कार्लोस तेवेससह लंडनच्या वेस्ट हॅमकडे आला. तिथे त्याला लीगचे जेमतेम पाच सामने मिळाले. दोघांच्या करारांत क्लबबाहेरच्या मंडळींचे हक्क गुंतलेले होते आणि त्या प्रकरणी प्रीमियर लीगने वेस्ट हॅमला पुढे ५५ लाख पौंडांचा दंड ठोठावला. एका हंगामात दोनपेक्षा जास्त क्लबांकडून खेळायची परवानगी नसल्याने लिव्हरपूलला जायला त्याला फिफाकडून खास मंजुरी घ्यावी लागली. आणि त्याच हंगामाच्या शेवटी, मे २००७ मध्ये, वेस्ट हॅमच्या संघात ज्याला जागा नव्हती तो खेळाडू चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या पहिल्या अकरांत होता. प्रतिस्पर्धी एसी मिलान. लिव्हरपूलचे प्रशिक्षक राफाएल बेनितेस यांनी त्याच्यावर काका या ब्राझिलियन खेळाडूला रोखायची जबाबदारी टाकली. काका त्या मोसमात स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे दहा गोल करून आला होता. उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडविरुद्ध दोन सामन्यांत मिळून तीन. अंतिम सामन्यात काकाला मोकळी जागा अशी फारशी मिळालीच नाही. मिलानचा पहिला गोल फ्री किकवर, चेंडू आघाडीवीर इन्झागीच्या अंगाला लागून दिशा बदलल्याने झाला. एका गोलने मागे पडलेल्या लिव्हरपूलने ७८ व्या मिनिटाला मास्चेरानोला बाहेर काढून पीटर क्राउच हा आघाडीवीर आत आणला. ८२ व्या मिनिटाला काकाला मध्यभागी वळायला जागा मिळाली, त्याने बचावफळीच्या मधून इन्झागीला पास दिला आणि मिलानचा दुसरा गोल झाला. लिव्हरपूलने नंतर एक गोल फेडला, पण सामना २-१ असा गेला.

यावर कुणी रास्त शंका घेईल. चार मिनिटांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं कसं म्हणायचं? हरत असलेला संघ पुढे सरकतो, मागे जागा पडते. मास्चेरानो असता तरी काका निसटला नसता कशावरून? शंका मान्य केली पाहिजे. एका सामन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण त्या गोलमधून एक गोष्ट निश्चित कळते, ती म्हणजे अशा खेळाडूचं काम दिसतं कुठे. ७८ मिनिटांत त्याने काय केलं याची दृश्यं दाखवायची म्हटली तर हाती फार थोडं लागेल. काका चेंडू मागतो आहे, पण पास देणाऱ्याला मधली वाट बंद दिसते म्हणून तो चेंडू बाजूला देतो. असल्या क्षणाचं चित्रीकरण कोण वेगळं काढून ठेवणार? जागा रिकामी झाल्यावरच ती भरलेली होती हे लक्षात येतं. कबड्डीत गडी चढाई करून रिकाम्या हाती परतला तर फलकावर काहीच हलत नाही. त्याला मधल्या रेषेपर्यंत पिटाळणाऱ्या कव्हरच्या खेळाडूंच्या नावापुढे गुण लागत नाही. तरी कबड्डी जाणणारा प्रेक्षक त्या चढाईत काय घडलं ते ओळखतो. फुटबॉल पाहतानाही हीच नजर लागते.

ऑगस्ट २०१० मध्ये मास्चेरानो बार्सिलोनात आला तेव्हा त्याच्या जागेवर सर्जिओ बुस्केट्स पाय रोवून उभा होता. पेप गार्डिओला यांच्या रचनेत बचावफळीपुढे एकच खेळाडू लागे आणि त्या जागी बुस्केट्सला हलवण्याचा प्रश्नच नव्हता. अर्जेंटिनाचा कर्णधार बाकावर बसणार अशी चिन्हं होती. मग २०११ च्या सुरुवातीला कार्लेस पुयोल दुखापतीने बाहेर गेला आणि मार्चमध्ये एरिक अबिदालच्या यकृतातल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. बचावफळीत माणसं उरली नाहीत आणि मास्चेरानो मागे सरकला. २८ मे २०११ रोजी वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बार्सिलोनाने ३-१ असा जिंकला, तेव्हा जेरार्ड पिकेच्या शेजारी सेंटर बॅक म्हणून तोच उभा होता. ही निव्वळ अडचणीतून काढलेली वाट होती असं म्हणावं, तर त्याआधी दोन वर्षं, २००९ च्या रोममधल्या अंतिम सामन्यातही गार्डिओलांनी याया तूरे या मध्यरक्षकालाच सेंटर बॅक केलं होतं. तेव्हाही नेहमीचे बचावपटू उपलब्ध नव्हते हे खरं. पण अडचणीत दुसऱ्या फळीचा बचावपटू शोधण्याऐवजी दोन्ही वेळा मध्यरक्षकाला मागे घ्यावंसं वाटलं, यामागे विचार होता.

तो विचार समजून घ्यायचा तर बार्सिलोनाचा सेंटर बॅक प्रत्यक्षात काय करत असे ते जवळून पाहावं लागेल. संघाचा खेळ प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात चाले, त्यामुळे बचावफळी मध्यरेषेच्या आसपास उभी असे आणि तिच्यामागे गोलरक्षकापर्यंत सगळं मैदान मोकळं. अशा जागी पेनल्टी क्षेत्रात उभं राहून चेंडू डोक्याने परतवणारा बचावपटू कमी उपयोगाचा. गोलरक्षकाच्या पायात चेंडू आला की दोन्ही सेंटर बॅक पेनल्टी क्षेत्राच्या कडांपर्यंत पांगत, बुस्केट्स खाली उतरून त्यांच्या मधोमध येई, आणि अंगावर धावून येणाऱ्या आघाडीवीराला चुकवून पुढचा पास द्यायची जबाबदारी सेंटर बॅकवर पडे. चेंडू हरवला की त्याच सेंटर बॅकने ठरवायचं: पुढे झेपावून चाल जागीच मोडायची, की मागे पळत वाट अडवायची. चुकीचा निर्णय म्हणजे थेट गोल. हे दोन्ही निर्णय मास्चेरानो मधल्या फळीत वर्षानुवर्षं घेत आला होता. तिथे त्याच्या पाठीशी चौघे असत, इथे फक्त गोलरक्षक. फरक होता तो चुकीच्या किमतीत. ज्ञान तेच होतं, फक्त ते वापरताना सावधगिरी वाढवायची होती. पूर्वी तो चटकन जमिनीवर घसरत टॅकल करी. बचावफळीत आल्यावर पायांवर उभं राहून वाट पाहणं त्याने अंगी बाणवलं.

दोन जागांमधली भिंत किती पातळ होती ते मार्च २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात आर्सेनलविरुद्ध बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानावर दिसलं. त्या दिवशी बचावपटूंच्या टंचाईमुळे बुस्केट्स मागे सेंटर बॅक होता आणि मास्चेरानो त्याच्या जागी मधल्या फळीत. पहिला सामना आर्सेनलने २-१ जिंकला होता; दुसऱ्यात बार्सिलोना ३-१ असा पुढे. म्हणजे एकूण ४-३. आर्सेनलने आणखी एक गोल केला असता तर परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमाने बार्सिलोना स्पर्धेबाहेर. अखेरच्या काही मिनिटांत जॅक विल्शरने बचावफळी भेदणारा पास दिला आणि निकलास बेंटनर गोलरक्षकासमोर मोकळा झाला. त्याचा पहिला स्पर्श किंचित जड पडला, चेंडू पायापासून हातभर लांब गेला आणि तेवढ्या अवकाशात मास्चेरानोचा पाय मध्ये आला. तो मध्यरक्षक होता. त्या क्षणी तिथे असायला हवा तो बचावपटू. पण पास निघतानाच तो मागे धावू लागला होता. बेंटनरचा स्पर्श चुकला हे नशीब. ती चूक वसूल करायला कुणी हजर होतं हे नशीब नव्हतं.

हीच गोष्ट उलट दिशेने २०१४ च्या विश्वचषकात घडली. क्लबसाठी तो हंगाम बचावफळीत काढून मास्चेरानो ब्राझीलला गेला आणि प्रशिक्षक अलेहांद्रो साबेया यांनी त्याला त्याच्या मूळ जागी, मधल्या फळीत खेळवलं. गटसाखळीत अर्जेंटिनाने तीन गोल स्वीकारले. बाद फेरीत स्वित्झर्लंडविरुद्ध १२० मिनिटं, बेल्जियमविरुद्ध ९०, नेदरलँड्सविरुद्ध १२० आणि अंतिम सामन्यात जर्मनीच्या मारिओ गोट्झेने ११३ व्या मिनिटाला गोल करेपर्यंत त्यांच्या जाळीत एकही चेंडू गेला नाही. म्हणजे ४४० हून अधिक मिनिटं. या काळात त्या संघाने स्वतः खेळताना फक्त दोन गोल केले होते! उपांत्य सामन्यात साओ पाउलोमध्ये मास्चेरानोचं डोकं पहिल्या सत्रात नेदरलँड्सच्या वाइनाल्डमच्या डोक्याला आपटलं, तो झोकांडी खाऊन पडला आणि काही वेळाने परत खेळू लागला. डोक्याच्या इजेविषयी आज जे कळतं ते पाहता त्याला परत उतरू द्यायला नको होतं, आणि त्याचं कौतुक करू नये. कौतुक करायचं ते नव्वदाव्या मिनिटानंतरच्या क्षणाचं. स्नायडरच्या टाचेने वळलेला चेंडू घेऊन आर्यन रॉबेन पेनल्टी क्षेत्रात घुसला, गोल समोर, मध्ये फक्त गोलरक्षक. मारण्याआधी चेंडू नीट बसवायला त्याने आणखी एक स्पर्श घेतला. मास्चेरानो त्या एका स्पर्शावर विसंबून मागून आला होता. त्याने अंग झोकून पाय ताणला, फटका त्याच्या बुटाला लागून गोलरेषेबाहेर गेला. सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ ने जिंकली.

इथे जाणकारांकडून एक गंभीर आक्षेप येतो आणि तो इटलीच्या बचावपरंपरेतून आलेला आहे: उत्तम बचावपटूला घसरून टॅकल करावीच लागत नाही; करावी लागली याचा अर्थ तो आधी चुकीच्या जागी होता. असं असेल तर बेंटनर आणि रॉबेनच्या गोष्टी आपल्या म्हणण्याच्या विरुद्धच जातात. आक्षेपातलं तत्त्व बरोबर आहे, पण ते या प्रसंगांना लागू करताना पाहायला हवं की फळी कुणाची फुटली. दोन्ही वेळा पास बचावफळीच्या मधून गेला आणि मास्चेरानो त्या फळीचा भाग नव्हता. तो दुसऱ्याच्या चुकीवरचा शेवटचा उपाय होता. रॉबेन डाव्या पायाचा खेळाडू आहे, तो चेंडू त्या पायावर घेऊ पाहील, हे गृहीत धरून घेतलेली ती धाव होती. शिवाय अशी दृश्यं आपल्या लक्षात राहतात याचं कारण ती दुर्मीळ असतात. त्याच सामन्यात एरवी रॉबेन, स्नायडर आणि फान पर्सी यांना गोलपुढे मोकळा श्वास मिळाला नव्हता, हा खरा पुरावा. ती एक टॅकल त्या पुराव्याचा दिसणारा अंश.

दुसरा आक्षेप उंचीचा. मास्चेरानो १ मीटर ७४ सेंटिमीटर. शेजारचा पिके त्याच्याहून वीस सेंटिमीटर उंच. सेंटर बॅकला हवेतले चेंडू जिंकावे लागतात आणि तिथे केवळ ओळखण्याने भागत नाही. १७ मे २०१४ रोजी लीगच्या अखेरच्या सामन्यात कॅम्प नोउवर बार्सिलोनाला विजय हवा होता. अॅटलेटिको माद्रिदच्या दिएगो गोदिनने कॉर्नरवर डोक्याने गोल करून १-१ बरोबरी साधली आणि विजेतेपद माद्रिदला गेलं. त्या दिवशी मास्चेरानो सेंटर बॅक होता. या गोलचं खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडता येणार नाही, पण बुटक्या बचावफळीची किंमत बार्सिलोनाने मोजली हे नाकारता येत नाही. तेव्हा आपला मुद्दा नेमका करून घेऊ. दोन्ही जागांना लागणारी विचारशक्ती एक आहे. शरीराच्या गरजा वेगळ्या आहेत. सेंटर बॅकला उंची हवी, मध्यरक्षकाला दम हवा. प्रशिक्षक उंचीची उणीव स्वीकारूनही त्याला मागे खेळवतो, तेव्हा तो एक सौदा करतो: कॉर्नरवर थोडं गमवायचं आणि उरलेल्या खेळात पुष्कळ कमवायचं. २०१५ मध्ये बर्लिनला युव्हेंटसला ३-१ हरवून बार्सिलोनाने पुन्हा युरोप जिंकला तेव्हाही मागे तीच जोडी होती, पिके आणि मास्चेरानो. तोवर प्रशिक्षक बदलले होते, सौदा कायम होता.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. न दिसणाऱ्या कामाचं श्रेय द्यायचं ठरवलं तर कुणालाही काहीही श्रेय देता येईल. मग दंतकथा आणि सत्य यांत फरक कसा करायचा? टॅकल आणि अडवलेल्या पासांची आकडेवारी हल्ली मिळते, पण ती इथे दिशाभूल करते. ज्या संघाकडे चेंडू कमी असतो त्याच्या खेळाडूंना टॅकल जास्त कराव्या लागतात. बार्सिलोनासारख्या संघात त्या आपोआप कमी भरणार. मग कसोटी कोणती? एक कसोटी भरवशाची वाटते: एकमेकांशी न पटणाऱ्या जाणकारांचं एकमत. २००३ ते २०१८ या काळात अर्जेंटिनाला बिएल्सा, पेकरमन, बासिले, माराडोना, बातिस्ता, साबेया, मार्तिनो, बाउझा आणि सांपाओली असे नऊ प्रशिक्षक लाभले. बिएल्सांचा धावपळीचा खेळ आणि साबेयांची सावध रचना यांत साम्य शोधावं लागेल. माराडोनांच्या निवडी तर कुणाशीच जुळत नसत. तरी नऊच्या नऊ जणांनी मास्चेरानोला संघात घेतलं. क्लबमध्ये बेनितेस आणि गार्डिओला हे खेळाकडे अगदी वेगळ्या बाजूंनी पाहणारे. दोघांनीही युरोपच्या अंतिम सामन्यात त्याला उतरवलं, वेगवेगळ्या जागी. वेस्ट हॅमचा अपवाद आहे, पण तो पाच सामन्यांचा अपवाद आहे. नऊ माणसं एकच चूक पंधरा वर्षं करत राहतील, याची शक्यता फार कमी. कुणी म्हणेल की हाच माणूस २००४, २००७, २०१५ आणि २०१६ चे कोपा अमेरिकाचे अंतिम सामने हरला आणि २०१४ चा विश्वचषकही. खरं आहे. पण त्यांतले तीन कोपा सामने पेनल्टी शूटआउटवर गेले आणि २०१५ व २०१६ मध्ये तर १२० मिनिटांत एकही गोल झाला नव्हता. गोल न होऊ देणं हे ज्याचं काम त्याने ते केलं. गोल करणं हे इतरांचं काम होतं.

या म्हणण्याला एक मर्यादा मात्र आहे आणि ती २०१८ मध्ये रशियात उघड झाली. चौतिसाव्या वर्षी, जानेवारीपासून चीनमधल्या हेबेई चायना फॉर्च्यूनकडे गेलेला मास्चेरानो पुन्हा मधल्या फळीत उतरला. गटात क्रोएशियाने अर्जेंटिनाला ३-० हरवलं आणि ३० जूनला कझानमध्ये फ्रान्सने ४-३. फ्रान्सच्या एम्बापेच्या वेगापुढे मधलं मैदान फार रुंद वाटत होतं. धोका त्याला तेव्हाही आधी दिसत असणार, पण पाहणं आणि पोहोचणं यांमधलं अंतर वाढलं होतं. मधल्या फळीत दोन्ही बाजूंना कितीतरी मीटर राखावे लागतात. बचावफळीत शेजारी माणसं असतात, टापू आटोपशीर असतो. म्हणून अनेक मध्यरक्षक वय वाढल्यावर मागे सरकतात. लोथार माथेउस १९९० मध्ये मधल्या फळीतून पश्चिम जर्मनीला विश्वविजेता करून नंतरची वर्षं बचावफळीच्या मागे खेळला, तो याच हिशेबाने. अर्जेंटिनाने मास्चेरानोला ज्या वयात मागे घ्यायला हवं होतं, त्या वयात पुढे ठेवलं. कझाननंतर तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, एस्तुदियान्तेसकडून खेळताना, फुटबॉलमधूनच.

पुढे तो प्रशिक्षक झाला. आधी अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालील संघाचा, मग नोव्हेंबर २०२४ मध्ये इंटर मायामीचा. गार्डिओला, आन्चेलोत्ती, देशाँ, रायकार्ड, सिमिओने हे मोठे प्रशिक्षक खेळाडू म्हणून मुख्यतः मधल्या फळीत कसलेले, हा योगायोग मानायला मन धजत नाही. इतर जागांवरून आलेले थोर प्रशिक्षकही आहेत, त्यामुळे याचा नियम करता येणार नाही. पण ज्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या पायांऐवजी एकवीस जणांच्या हालचालींवर नजर ठेवली, त्याची शिकवण्याची तयारी खेळतानाच होत असते एवढं म्हणता येतं. आपल्याकडे फुटबॉल पाहणाऱ्यांची आणि खेळणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे. मुंबई, कोल्हापूर, पुण्यातल्या मैदानांवर लहान वयातच मुलाला तू बचावपटू, तू आघाडीवीर असं वाटून दिलं जातं. मास्चेरानोची कारकीर्द सांगते की मुलाची जागा आधी ठरवण्यापेक्षा त्याला मैदान वाचायला आधी शिकवावं: पास निघायच्या आत तो कुठे जाणार, आपल्यामागे कोण मोकळं आहे, आत्ता झेपावायचं की थांबायचं. हे ज्याला आलं त्याला संघाच्या गरजेप्रमाणे पुढे-मागे होता येईल. आणि प्रेक्षक म्हणून आपल्यावरही एक जबाबदारी येते. सामना संपल्यावर गोल कुणी केले हे विचारून झालं की दुसरा प्रश्न विचारावा: प्रतिस्पर्ध्याला जे करायचं होतं ते त्याला का करता आलं नाही? त्या उत्तरात बहुतेक वेळा मधल्या किंवा मागच्या फळीतल्या कुणाचं तरी नाव निघेल, आणि त्या नावाला गोल करणाऱ्याच्या बरोबरीचा मान देणं हाच खेळाचा न्याय होईल.